दादाला वाटतं, कॅनडात जन्मठेप झाली असती

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला, एका सतरा वर्षांच्या मुलाने दारू पिऊन चालवल्याचा आरोप असलेल्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं, दोघंही गेले, त्याच दिवशी दादाचा फोन आला. तो वडगाव शेरीला राहतो, तिथून अगदी जवळ. तेव्हापासून आमच्या रविवारच्या फोनवर हा विषय निघाला नाही असा महिना गेलेला नाही. दादाचं एक वाक्य ठरलेलं असतं : "तुमच्या कॅनडात असता तर तो पोरगा जन्मभर आत गेला असता."

नसता गेला, दादा. सतरा वर्षांच्या मुलाला इथे किशोरवयीनांचा वेगळा कायदा लागतो. दारू पिऊन गाडीखाली माणूस मारला, तरी त्या कायद्याखाली शिक्षा जास्तीत जास्त 3 वर्षांची. त्याला प्रौढाची शिक्षा द्या अशी मागणी सरकारी वकील करू शकतो, पण ती मान्य होईलच असं नाही. पुण्यातही पोलिसांनी त्याला प्रौढ समजून खटला चालवायची मागणी केली होती, जुलै 2025 मध्ये बाल न्याय मंडळाने ती फेटाळली. जामीन तर इथेही बहुधा मिळाला असता. पुण्यात त्या मुलाला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला तेव्हा माझंही डोकं फिरलं होतं, पण तो निबंध शिक्षा नव्हता, जामिनाची अट होती. संतापाच्या भरात हा फरक आपण सगळेच विसरलो.

दारूच्या मर्यादेत तर आपला कायदा जास्त कडक आहे. भारतात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा. कॅनडात फौजदारी गुन्हा धरतात तो 80 ला. म्हणजे इथे जे चालतं ते पुण्यात चालत नाही, निदान कागदावर तरी.

मग टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहून मला रस्त्यावर जो निर्धास्तपणा वाटतो तो कशामुळे? मला वाटतं, पोलिसाने अडवल्यानंतरच्या पहिल्या एका तासामुळे.

डिसेंबरात इथे जागोजागी नाकाबंदी असते. 2018 च्या डिसेंबरपासून कायदा असा आहे की पोलिसाने रीतसर अडवलं आणि त्याच्याजवळ श्वासातली दारू मोजणारं यंत्र असलं, तर तुमच्या तोंडाला वास येवो न येवो, तो फुंकायला सांगू शकतो. नाही म्हणणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि पहिल्या नकाराला किमान दंड 2,000 डॉलर. प्यायलेला पहिल्यांदा पकडला गेला तर किमान दंड 1,000, म्हणजे न फुंकणं दुपटीने महाग. रस्त्यावरच्या यंत्रात नापास झालात की पोलीस ठाण्यावर नेतात आणि तिथल्या मोठ्या यंत्रात किमान 15 मिनिटांच्या अंतराने दोनदा फुंकून घेतात. आकडा तिथेच कागदावर उतरतो. ऑन्टॅरिओ या आमच्या प्रांतात त्याच वेळी लायसन्स 90 दिवसांसाठी जातं आणि गाडी 7 दिवसांसाठी उचलून नेतात. हे सगळं कोर्टाचं तोंड बघायच्या आधी. तोडपाणी करायला मध्ये जागाच उरत नाही.

आता कल्याणीनगर आठवा. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराला झाला. मुलाचं रक्त घेतलं सकाळी अकराच्या सुमाराला. मधल्या साडेआठ तासांत शरीराने आपलं काम केलं. उरलेलं काम माणसांनी केलं असा आरोप आहे : ससूनमध्ये नमुना बदलला, मुलाच्या जागी आईचं रक्त ठेवलं. दोन डॉक्टरांना अटक झाली, पुढे आई-वडिलांनाही. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही म्हणून ते उघडकीला आलं. आणि ती कोट्यवधींची गाडी 1,758 रुपयांचं शुल्क भरलं नाही म्हणून कायमच्या नोंदणीविना रस्त्यावर फिरत होती. यातलं काहीही शिक्षेची वर्षं वाढवून सुधारत नाही. फाशीची तरतूद केली असती, तरी रक्ताची कुपी बदलता येणारी कुपीच राहिली असती आणि साडेआठ तास साडेआठच.

दादाला हे पटत नाही. तो म्हणतो, "लोकांना भीतीच नाही." भीती हवी हे मलाही मान्य आहे. पण नवीन न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची कमाल शिक्षा 2 वर्षांवरून 5 वर्षं झाली, ते किती जणांना ठाऊक आहे? शनिवारी रात्री पबमधून बाहेर पडताना कोणी कलमं आठवत नाही. पुढच्या चौकात फुंकायला लावतील का आणि लावलं तर सुटता येईल का, एवढंच डोक्यात असतं.

इथलं सगळं न्याय्य आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा कंपनीच्या पार्टीहून परतताना पकडला गेला. कुणाला खरचटलंही नव्हतं. गुन्हा कबूल केला, दंड भरला, वर्षभर गाडीला हात लावला नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या कॅनेडियन नागरिकाच्या बाबतीत प्रकरण तिथे मिटलं असतं. पण याच्याकडे नागरिकत्व नव्हतं, फक्त पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना होता. 2018 मध्ये या गुन्ह्याची कमाल शिक्षा 10 वर्षं केली, तेव्हापासून तो स्थलांतर कायद्याच्या नजरेत गंभीर गुन्हा ठरतो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. त्याची बायको मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना येईनाशी झाली. एकाच चुकीला दोन मापं लावणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तो मुलगा चुकला हे धरूनही वाटतं.

2018 च्या एप्रिलमध्ये सस्कॅचवानमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कॉस या हॉकी संघाच्या बसचा अपघात झाला, 16 जण गेले. ट्रक चालवणारा भारतातून आलेला तरुण होता. तो प्यायलेला नव्हता, फोनवरही नव्हता, पण स्टॉपच्या खुणेपाशी थांबला नाही. त्याने सगळे आरोप कबूल केले, खटला चालवून त्या कुटुंबांच्या यातना वाढवायच्या नाहीत म्हणून. 8 वर्षांची शिक्षा झाली आणि 2024 च्या मे महिन्यात हद्दपारीचा आदेशही निघाला. कल्याणीनगरच्याच महिन्यात. तेव्हा मी दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात वाचल्या आणि मला रात्री झोप लागली नाही.

दादाच्या सोसायटीतले लोक पोलीस आयुक्तांना निवेदन देणार आहेत. मसुदा त्याने मला पाठवला. त्यात जन्मठेप आहे, बुलडोझर आहे, पबवर कायमची बंदी आहे. मी त्याला एकच मागणी सगळ्यात वर घालायला सांगितली : माणूस दगावलेल्या प्रत्येक अपघातात चालकाला किती मिनिटांत फुंकायला लावलं आणि रक्त किती वाजता घेतलं, हे दर महिन्याला जाहीर करा. "एवढंच?" दादाने विचारलं. एवढंच, दादा. पण ते सगळ्यात वर घाल.