सेझिनकोट राजस्थानातून उचलून नेलेला नाही, कृपया आवरा

"इंग्रजांनी पळवलेला मुघल महाल!!" हा फॉरवर्ड गेले काही दिवस फिरतोय, मी दोनतीनदा सोडून दिला, पण आता तो आमच्या आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलाय, वर "मुलांना नक्की वाचून दाखवा" अशी सूचना. मग लिहायलाच हवं.

फॉरवर्डचं म्हणणं असं: इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरला सेझिनकोट नावाचा घुमटवाला महाल आहे, तो मुळात राजस्थानात होता. व्हिक्टोरिया राणीला ताजमहालासारखं घर हवं होतं म्हणून इंग्रजांनी तो एकेक दगड सुटा करून जहाजाने नेला, भारतीय कारागिरांकडून परत उभा करून घेतला आणि मग त्यांचे हात तोडले. बागेत म्हणे पुरातन शिवमंदिरही आहे.

राणीचं आधी उरकू. घर बांधलं १८०५ च्या आसपास, व्हिक्टोरिया जन्मली १८१९ ला. झालं.

आता दगड. अहो, जरा विचार करा की. तेव्हा सुएझ कालवा नव्हता, तो १८६९ चा, म्हणजे अख्खा महाल बैलगाड्यांवरून बंदरापर्यंत, तिथून आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिने समुद्रात, आणि उतरवल्यावर परत इंग्लंडच्या आतल्या भागातल्या टेकडीवर चढवायचा, आणि एवढ्या उपद्व्यापाची कुठल्याच संस्थानात, कुठल्याच बंदरात कोणाला दखल नाही? घराचा दगड तिथलाच आहे, कॉट्सवोल्ड्सचा पिवळसर चुनखडीचा, आजूबाजूची गावंच्या गावं त्याच दगडाची आहेत. घुमट तांब्याचा, गंज चढून हिरवा झालेला. आणि आत पाऊल टाकलंत की मुघल संपले, आतलं सगळं त्या काळच्या इंग्रज श्रीमंतांच्या आवडीचं, ग्रीक-रोमन थाटाचं. राजस्थानातून महाल आणणाऱ्यांनी आतल्या खोल्या काय तिकडेच ठेवल्या?

खरी हकिगत यापेक्षा मजेशीर आहे. जॉन कॉकरेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला कर्नल, बंगालमधून परतल्यावर १७९५ ला त्याने ही इस्टेट घेतली, तीन वर्षांत वारला. मग ती धाकट्या चार्ल्सकडे आली, तोही कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यात गब्बर झालेला. घराचा आराखडा केला तिसऱ्या भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने. हा माणूस भारतात कधी आलाच नव्हता! वॉरन हेस्टिंग्जचं जवळच असलेलं डेल्सफर्डचं घरही त्याचंच. मग छज्जे, कोपऱ्यांवरच्या छत्र्या, मोराच्या पिसाऱ्यासारख्या खिडक्यांच्या कमानी त्याला कळल्या कुठून? तर चित्रांमधून. थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ पासून सातेक वर्षं भारतभर फिरून चित्रं काढत होते, त्यांचा १४४ चित्रांचा संच पुढे लंडनमध्ये छापला गेला. तोच थॉमस इथे सल्लागार. त्याची चार्ल्सला लिहिलेली पत्रं आहेत, त्यात बागेतल्या पुलावरच्या नंदीच्या मूर्तींवर चर्चा आहे आणि विश्वकर्म्याने येऊन बघितलं तर तोही म्हणेल बैल आहेत तिथेच असू देत, असं हा इंग्रज चित्रकार लिहितो. ही पत्रं एकदा वाचली की "दगड जहाजातून आले" हे प्रकरण तिथेच मिटतं, कारण मालक आणि चित्रकार मिळून काय काय घडवून घ्यायचं ते ठरवताना दिसतात.

आणि त्याच पुलाखालचे ठेंगणे जाड खांब बघा, ते आपल्या घारापुरीच्या लेण्यातल्या खांबांवरून घेतलेत. डॅनिएल काका-पुतणे १७९३ ला मुंबईत होते, लेणी त्यांनी काढलीत. हे आपल्या लोकांना सांगण्यासारखं, पण फॉरवर्डमध्ये ते नाही, तिथे राजस्थान.

शिवमंदिर: बागेतल्या त्या छोट्या देवळात शंकर नाही, सूर्य आहे, आणि मूर्ती कोड स्टोनची, म्हणजे लंडनच्या लॅम्बेथमध्ये भट्टीत भाजून बनवलेल्या कृत्रिम दगडाची. पुरातन म्हणे.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते हात तोडण्यावरून. कोणाचे हात, कधी, कोणी लिहून ठेवलं? हीच गोष्ट शहाजहानच्या नावावरही खपवतात, तिथेही पुरावा शून्य. जिथे सुंदर घुमट तिथे तुटलेले हात, बस, आणि हे आत्याची नातवंडं शाळेत जाऊन सांगणार.

एक मात्र मान्य करावं लागेल. पैसा आपलाच होता. कलकत्त्यात कंपनीची नोकरी आणि व्यापार करून साहेब लोक जे घेऊन गेले त्यातूनच असली घरं उठली, तेव्हा "लूट" म्हणायचंच असेल तर म्हणा, मी भांडणार नाही. पण मग वेल्समधल्या पॉविस कॅसलवर लिहा ना, तिथे टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू खरोखरचा ठेवलाय, श्रीरंगपट्टणच्या लुटीतला, दाखवायला पुरावे शोधत बसायची गरज नाही.

बाकी फॉरवर्डमधला शेवटचा फोटो सेझिनकोटचा नाहीच, तो ब्रायटन पॅव्हेलियन आहे. राजपुत्र जॉर्ज १८०७ ला सेझिनकोट बघून गेला आणि पुढे १८१५ पासून जॉन नॅशकडून ब्रायटनला आपला घुमटांचा पसारा बांधून घेतला. एक घुमट आणि डझनभर घुमट यातला फरक फॉरवर्ड करण्याआधी मोजता येतो.