दोन महिन्यांत सहा इंच म्हणे! आधी हिशोब तरी करा

काल रात्री भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला, खाली एकच ओळ, "मावशी हे खरंय का?" पोरगा १९ वर्षांचा, अजून दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलीने खुणा करतो, त्यामुळे वाचून डोकंच फिरलं. मेसेज असा: पाय लांब करायची सर्जरी करा, दोन महिन्यांत सहा इंच उंची, अजिबात दुखत नाही, घाई असेल तर स्क्रू रोज जास्त फिरवा, नंतर धावणं-खेळणं सगळं पहिल्यासारखं.

आधी एक मान्य करते, नाइलाजाने. उंची खरंच वाढते, यात फसवणूक नाही. हाड कापतात, पाच-सात दिवस थांबतात, मग दोन्ही टोकं हळूहळू लांब नेतात आणि मधल्या फटीत नवीन हाड तयार होतं. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरने १९५०च्या दशकात पायाभोवती बाहेरून रिंगांचा सांगाडा लावून, त्याचे स्क्रू फिरवत हाड लांबवायची ही पद्धत बसवली. एक पाय आखूड राहिलेल्यांसाठी तर हे वरदानच आहे.

पण सहा इंच म्हणजे जवळजवळ १५० मिलिमीटर. वेग किती, तर दिवसाला १ मिलिमीटर, तोही एका दमात नाही, पाव पाव करून चार वेळा. म्हणजे एका हाडात नुसतं ताणायलाच १५० दिवस! आणि एकाच हाडात एवढं सहसा कोणी शहाणा डॉक्टर करत नाही, मांडी आणि नडगी अशी वेगवेगळी ऑपरेशन्स लागतात. ताणून झालं की ते हाड घट्ट व्हायला आणखी कित्येक महिने.

आता ते "घाई असेल तर जास्त फिरवा". हे लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं, बाबा रे, स्क्रू कुठे बसवलाय, टेबलाला का? अरे हाच प्रयोग इलिझारोव्हने कुत्र्यांवर केला होता, १९८९ साली छापलाय. दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर हाड वेळेआधीच जुळून बसलं, २ मिलिमीटर ताणलं तर आजूबाजूचे स्नायू, नसा, रक्तवाहिन्या बिघडायला लागल्या, १ वर नीट जमलं. १ हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. हाड एकटं नसतं ना, त्याच्यासोबत नसही ताणली जाते, जास्त ताणली की पायाला मुंग्या, बधिरपणा, पाऊल वर उचलता न येणं. नडगी लांब करताना टाचेमागचा जाड स्नायूबंध मागे राहतो, मग टाच जमिनीला टेकतच नाही, माणूस चवड्यावर चालतो, आणि कधी कधी तो बंध लांब करायला वेगळं ऑपरेशन. रोजची फिजिओथेरपी असते ती यासाठीच.

"दुखत नाही" वर काय बोलणार, हाड कापलंय! बाहेरचा सांगाडा असेल तर पिना कातडीतून आत जातात, तिथे इन्फेक्शन ही नेहमीची कटकट. हल्ली रॉड हाडाच्या आत घालून बाहेरून मॅग्नेटच्या रिमोटने लांबवतात, त्यात पिनांचा त्रास वाचतो हे खरं, पण हाड काही रिमोट बघून लवकर वाढत नाही.

खेळणं पहिल्यासारखं होईल अशी गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. काही जण परत धावतात, काहींचे सांधे आखडलेलेच राहतात. आणि हो, हात आहेत तेवढेच राहतात, ते मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.

तर भाचेबुवा, हे त्याच ग्रुपवर टाक, ज्याने पाठवलं त्याला टॅग करून.