मागं बसणारीला विचारलं का?

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढं जावं.

भाच्यानं नवी गाडी घेतली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले, सगळं रीतसर झालं. गाडीचं नाव कशाला घ्यायचं, त्या धाटणीच्या सगळ्याच तसल्या. पुढं ही एवढी टाकी आणि मागं सीट म्हणून तळहाताएवढा उंच तुकडा. त्यानं आईला, म्हणजे त्याच्या आज्जीला, हाक मारली, "आज्जी, चल, देवळापर्यंत चक्कर मारून आणतो." आई हौसेनं पदर खोचून पुढं झाली. पाय ठेवायला जागा शोधली, धरायला काही सापडतंय का बघितलं, टाचा उंचावून बघितल्या. मग म्हणाली, "राहू दे बाळा, गुडघा दुखतोय."

आईचा गुडघा दुखत नाही. ती अजून देवळाच्या पायऱ्या न थांबता चढते.

मी भाच्याला म्हटलं, घेताना बघितलं नाहीस होय रे, मागं कोण बसणार ते? तर म्हणे, "आत्या, ही गाडी मागं बसायला नसतीच मुळी. लूक बघ ना." तिथंच माझी सटकली. पेढा हातातच राहिला.

कुठल्याही गाडीवाल्याला विचारा, हीच का घेतली? बुलेटवाला म्हणणार, आवाज. पल्सरवाला म्हणणार, पिकअप. स्प्लेंडरवाला जरा मान खाली घालून म्हणणार, ॲव्हरेज. तिघंही अर्धंच सांगतात. आपल्याकडं गाडी ठरते ती मागं कोण किंवा काय बसणार त्यावर. आमच्या भागातल्या दूधवाल्यांनी बजाजची एम-एटी घेतली ती काय तिच्या रूपावर भाळून? मागं दोन्ही अंगाला कॅन लटकायचे होते म्हणून घेतली. शिक्षकांनी, तलाठ्यांनी, सोसायटीच्या सेक्रेटऱ्यांनी शंभर सीसीच्या गाड्या घेतल्या, कारण मागं बायको, मधे पोरगी आणि टाकीवर पोरगा बसवायचा होता. हो, चौघं एका गाडीवर, कायद्यात बसत नव्हतं. तेव्हा अख्खं गाव तसंच फिरायचं.

आमच्या घरची पहिली गाडी कशी आली ते सांगते. घरातल्यांना पाठ आहे, तुम्ही ऐका.

1995 ची दिवाळी जवळ आलेली. आण्णा पाटणच्या बाजूला झेडपीच्या शाळेवर होते. शिक्षक सोसायटीचं कर्ज मंजूर झालं होतं आणि आण्णांच्या डोक्यात एकच गाडी होती, आरएक्स हंड्रेड. शाळेतल्या एका गुरुजींकडं होती ती. त्या काळी ज्याला गाडीतलं काही कळतं असं वाटायचं, त्याला आरएक्सच हवी असायची. यामाहाची ती टू-स्ट्रोक, 1985 ला आली आणि 1996 ला बंदही झाली, पण अजून जुनी आरएक्स विकायला निघाली की पोरं उड्या टाकतात. आण्णांनी रंगसुद्धा ठरवला होता.

कराडला गाडी बघायला निघाले तेव्हा आई म्हणाली, मी पण येणार. आण्णांना ते रुचलं नाही, पण नाही म्हणता आलं नाही. आधी त्यांच्या आवडीची गाडी. आई शोरूमवाल्याला म्हणाली, "उभ्या गाडीवर बसून काय कळतंय? ह्यांना चालवू द्या, मी मागं बसते." तो हसला. आण्णा दुसरीकडं बघायला लागले. आई मात्र साडी सावरून एका अंगाला बसली, मांडीवर बाजाराची पिशवी घेतली, आत बटाटे होते, आणि म्हणाली, "घ्या."

आण्णांनी क्लच सोडला आणि आरएक्सनं जी उडी घेतली, ती आई अजून दोन्ही हात वर करून दाखवते. पिशवी गेली, बटाटे रस्त्यावर. आई पडली नाही, आण्णांच्या शर्टाची कॉलर धरून राहिली. उतरली, बटाटे वेचले, धुराला नाक मुरडलं आणि म्हणाली, "गाडी चांगली आहे. एकट्याची आहे."

मग हिरो होंडाच्या दुकानात गेले. स्प्लेंडर नुकतीच, आदल्या वर्षी, आली होती. इंजिन तेच कंपनीच्या आधीच्या सीडी हंड्रेडच्या घराण्यातलं, 97.2 सीसीचं, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' जाहिरातवालं. आई परत तशीच बसली, पिशवीसकट. गाडी हलली तेव्हा आपण निघालोय हे तिला म्हणे कळलंच नाही. सपाट लांब सीट, हाताला धरायला मागं दांडा, डाव्या अंगाला साडी गार्ड आणि त्यालाच पाय ठेवायची पट्टी. आईनं शोरूमवाल्याला सांगितलं, "हीच." शोरूमवाल्यानं आण्णांकडं बघितलं. आण्णा म्हणाले, "ती म्हणतीय तर हीच."

त्या गाडीवर आम्ही शिकलो हो! ऊसतोडीच्या दिवसांत बैलगाड्यांच्या मागं मागं खड्ड्यातनं, पावसाळ्यात डोक्यावर खताची पिशवी घेऊन. थंडीत आण्णा चोक ओढायचे, किक मारायचे आणि गाडी तापेस्तोवर शेजारी उभं राहून चहा प्यायचे. मधेच पेट्रोल संपलं की ती एका अंगाला आडवी करायची, तळाशी राहिलेलं खाली यायचं आणि घर गाठता यायचं. पुढं 2010 च्या अखेरीस हिरो आणि होंडानं वेगळं व्हायचं ठरवलं. आमच्या टाकीवर मात्र अजून दोन्ही नावं आहेत.

आणि हे लोक स्प्लेंडरला काय म्हणतात? "अंकलची गाडी." अरे, तुझ्या त्या अंकलनं तीन जीव मागं-पुढं घेऊन घाट उतरवलेत तिच्यावर. तुला वळणावर एकट्यानं तिरकं व्हायचं कौतुक!

जाहिरातवाल्यांचाही राग येतो मला. 2001 ला पल्सर आली, आपल्या चाकणचीच, तर तिची जाहिरात काय? 'डेफिनेटली मेल'. म्हणजे गाडी पुरुष, चालवणारा पुरुष, आणि आम्ही फोटोपुरत्या. (पल्सरला नावं ठेवायला मला तोंड नाही हे खरं. पल्सरवाल्याशीच लग्न केलंय, आणि ती पहिली पल्सर मागं बसायला बरी होती. पुढं पुढं सीटचे दोन तुकडे झाले आणि मागचा तुकडा वर वर चढत गेला.) बरं, रायडिंग ग्रुपवाल्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पॅशन आहे." आमच्याकडं पॅशन हीसुद्धा हिरो होंडाचीच गाडी, आणि तीही मागं बायकोला घेऊन बाजारालाच जायची.

आता कुणीतरी म्हणेलच की ज्याचे पैसे त्याची आवड. मान्य. एकट्यानं फिरायला एकट्याची गाडी घ्यावी, कायद्यानं बंदी नाही.

पण मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "चल, चक्कर मारून आणतो" म्हणू नये.

आणि साडी गार्ड! हा तर वेगळाच संताप आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहून ठेवलंय की मागच्या माणसाला धरायला काहीतरी हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि मागचं निम्मं चाक झाकेल असं गार्ड हवं. कंपनी बसवून देते. पोरं दुसऱ्या दिवशी पाना घेऊन काढून टाकतात. का, तर लूक बिघडतो. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होतं, हे तुम्हाला लिहून सांगायची गरज नाही, आपल्यातल्या प्रत्येकीला अशी एक तरी बाई माहीत आहे. चार नटबोल्टांची गोष्ट आहे. एवढ्यानं कुणाचा लूक बिघडत असेल तर तो लूक मुळातच किती तकलादू असला पाहिजे!

असो. लिहिता लिहिता राग थोडा उतरला.

कारण आण्णा आठवले. स्प्लेंडर घेतली, हप्ते फेडले, कधी तक्रार केली नाही. पण रस्त्यानं आरएक्स गेली की त्यांचं बोलणं मधेच थांबायचं. मान वळायची, आवाज पार लांब जाईपर्यंत तिकडंच. आईला ते कळायचं. ती म्हणायची, "बघा, बघून घ्या." रिटायर झाल्यावर एकदा मी विचारलं, आण्णा, आता घ्यायची का एखादी जुनी आरएक्स? म्हणाले, "कशाला. तुझी आई बसायची नाही." दु:खानं नाही म्हणाले, पण हसूनही नाही म्हणाले. त्या शोरूमच्या गोष्टीला आम्ही इतकी वर्षं हसतोय, बटाट्यांना हसतोय, आणि आण्णाही हसायचे. त्यांना रंगसुद्धा ठरवून निराश व्हायला लागलं, हे मात्र आमच्यापैकी कुणी कधी बोललं नाही.

भाचा रांजणगावला कंपनीत शिफ्ट करतो. गाडी स्वतःच्या पगारातनं, हप्त्यावर घेतलीय. लहानपणापासून त्याला सगळं मोठ्या भावाचं उतरलेलं मिळालं, सायकलपासून दप्तरापर्यंत. ही पहिली वस्तू त्याची एकट्याची. मघाशी त्याला सगळ्यांदेखत बोलले ते जरा जास्तच झालं असेल. पण बोलले ते खोटं नव्हतं, आणि माघारही घेणार नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी गाडी घ्यायचं चाललंय त्यांना सांगते, शोरूमला एकटं जाऊ नका. जी मागं बसणार आहे तिला न्या, साडीवर न्या, हातात पिशवी देऊन न्या आणि चालवून बघा. सेल्समन हसला तर हसू द्या. तिनं नको म्हटलं आणि तुम्हाला तीच हवी असेल, तर घ्या बापडे, पण तिच्या तोंडावर सांगून घ्या की ही माझ्या एकट्याची आहे.

आणि आता दादा कमेंटमध्ये येऊन लिहिणार, "ताई, घरातलं घरात ठेव." लिहू दे. त्याआधी वहिनी ज्या गाडीवर रोज मागं बसते, तिचं साडी गार्ड कुठं आहे ते त्यानं सांगावं. मी सांगते, माळ्यावर आहे, जुन्या कुकरच्या खोक्यामागं. नटबोल्टसुद्धा त्यातच पिशवीत बांधून ठेवलेत.