पाईप तो पाईप, चाली जाई!

जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय? घाबरू नका. काचा खाली घ्या. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत त्या तशाही खालीच असतात.

वास फारच डोक्यात गेला तर पेट्रोलची नळी बदला. दुकानात जाताना जुना तुकडा नेऊ नका, बोटाने माप दाखवा. दोन सूत की अडीच सूत, म्हणजे सव्वासहा मिमी की आठ, हे व्हर्नियर बाळगणाऱ्या रिकामटेकड्यांचे प्रश्न. सैल झाली तर क्लिप आवळा, जीव जाईस्तोवर. रबरात पट्टीच्या खाचा उमटल्या म्हणजे पक्कं बसलं समजा.

पितळी जोडाला टेफलॉन टेप गुंडाळा. फ्लेअरचा, म्हणजे नळीचं तोंड पसरवून केलेला जोड आट्यांवर नाही, कोनावर बसतो म्हणे. म्हणू दे. टेपच्या चिंध्या पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, त्या बारीक भोकात, सापडतीलच.

टाकी गळते? साबण चोळा.

नळीवर काय छापलंय ते मुळीच वाचू नका. एसएई जे30 आर7, आर9 असला नळीचा काहीतरी दर्जा असतो. कार्ब्युरेटरला आर7 चालते, एमपीएफआयला, म्हणजे इंजेक्शनवाल्या गाडीला, साधारण 3 बारचा दाब, तिथे आर9 लागते. पण आपण केळीला ड्रिप अंथरणारी माणसं, आपल्याला कोण पाईप शिकवणार? माझ्या 1996 च्या मारुतीला गेल्या महिन्यात मेकॅनिकने गवंड्याच्या लेव्हलची असते तसली पारदर्शक नळी बसवली. म्हणाला, "पेट्रोल दिसतं ना भो आतून!" दिसलं. दोन आठवडे आतून दिसलं, तिसऱ्यात बाहेरून. पेट्रोलने तिच्यातला मऊपणा शोषला, नळी पिवळी पडून काचेच्या बांगडीसारखी कडक झाली आणि क्लिपपाशी तडकली. कुठे? कन्नडच्या घाटात, अर्ध्या चढावर. भाचीची हळद, मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर आहेराच्या साड्या. बॉनेट उघडलं तर थेंब थेंब गळतंय, आणि वीतभर अंतरावर तापलेला एक्झॉस्ट. मदतीला एक ट्रकवाला धावत आला, तोंडात पेटलेली बिडी! "तिथंच थांबा काका" असं मी आयुष्यात इतक्या जोरात कुणाला ओरडलेलो नाही.

परत येऊन त्या मेकॅनिकला तुकडा दाखवला. हसला. "काही व्हत नही भाऊ. दुसरी नळी टाकी देऊ."

कसलं व्हत नही? पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे. ते जुन्या रबराला फुगवतं, आतून भुगा पाडतं, आणि तू त्याच्यापुढे गवंड्याची नळी लावतोस? इथेनॉल सोसणारी, आत फ्लोरोइलास्टोमरचा, म्हणजे एका खास रबराचा थर असलेली नळी मिळते. महाग आहे, दुकानात नसली तर मागवावी लागते, चार दिवस थांबावं लागतं. थांबव की मला! कमी पैशात होतं म्हणून मी मान डोलावली, तो माझा गाढवपणा, कबूल. पण मला कळत नव्हतं, तुला कळत होतं. तुझ्या स्वतःच्या गाडीत चांगली काळी, छापील नळी आहे, मी बॉनेटमधून बघून आलोय.