एका माणूसघाणीचं परदेशगमन

आपल्याकडे परदेशी जायची मान्यताप्राप्त कारणं तीनच. कंपनीने पाठवलं, लेकीचं बाळंतपण न्यू जर्सीत आहे, किंवा टूरवाल्यांबरोबर 'युरोप करायचं' आहे. मी यातल्या एकातही बसत नाही. कंपनी मला भिवंडीच्या गोदामापलीकडे पाठवत नाही, लेक नाही, आणि टूरचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी बसमध्ये माइक फिरतो. "चला, एकेकाने आपली ओळख करून द्या. नाव, गाव, छंद!" नुसत्या कल्पनेने माझ्या तळहाताला घाम सुटतो. छंद काय सांगू? 'लोक नसतील तिथे बसणे'?

म्हणून एकटीनेच जायचं ठरवलं. यातली गोम मात्र लवकरच कळली. एकटीने जाण्यासाठी जितक्या माणसांशी बोलावं लागतं, तितक्यांशी मी दहावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा बोलले नव्हते.

सुरुवात पासपोर्टपासून. अर्जात दोन अशा माणसांची नावं मागतात जी तुम्हाला ओळखतात. आता मी चौथ्या मजल्यावर राहते आणि जिना वापरते. व्यायाम म्हणून नव्हे, लिफ्टमध्ये 'काय, ऑफिसला का?' विचारतात म्हणून. सकाळी निघताना पॅसेजमध्ये चाहूल लागली, तर मी चपला घालून, पर्स खांद्याला लावून दाराआड उभी राहते आणि भिंगातून बघते. समोरच्या काकू तुळशीला पाणी घालून आत जाईपर्यंत माझी एक लोकल सुटते. अशा बाईने ओळखणारी दोन माणसं आणायची कुठून? एक जागा ऑफिसातल्या कुलकर्णीबाईंनी भरून काढली. दुसरीसाठी काकूंची बेल वाजवण्याशिवाय इलाज नव्हता.

"अगंबाई, तू!" काकूंनी दार उघडलं ते पुन्हा लावू दिलंच नाही. चहा झाला, चिवडा झाला, माझ्या आजोळची चौकशी झाली, लग्नाचा विषय निघाला, बाजूला ठेवला गेला आणि पुन्हा निघाला. जपानला चालले आहे म्हटल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

"म्हणजे अजून कोण कोण?"

पुढे पोलीस पडताळणीला आले तेव्हा काकू आपण होऊन बाहेर आल्या. "फार सज्जन मुलगी हो," त्या हवालदारांना सांगत होत्या, "कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. दार कायम बंद. कोणी येत नाही, जात नाही. नुसती पार्सलं येतात. आणि रात्री दोन-दोनपर्यंत लाइट चालू." हवालदारांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि माझ्याकडे नव्या नजरेने बघितलं. "मॅडम, काम काय करता आपण?" अकाउंट्स, मी म्हटलं. "हां, म्हणजे कॉम्प्युटरवर," ते म्हणाले. त्या 'हां'मध्ये बरंच काही होतं. पण पासपोर्ट आला.

जपानच का, हे सगळ्यांनी विचारलं. मी फुलं, देवळं, संस्कृती वगैरे सांगत सुटले. खरं कारण वेगळं आहे. तिथे ट्रेनमध्ये फोनवर बोलणं असभ्य समजतात. टॅक्सीचं दार आपोआप उघडतं. टीप देत नाहीत, त्यामुळे किती द्यायची, कशी द्यायची, देताना कुठे बघायचं हे प्रश्नच उद्भवत नाहीत. कित्येक खाणावळींच्या दारातच यंत्र असतं. पैसे टाका, बटण दाबा, कुपन घ्या, आत द्या. एकट्याने गाण्यासाठी एकाच माणसापुरत्या कराओकेच्या खोल्यासुद्धा आहेत. हा देश माझ्यासारख्या कोणीतरी बसून आखलेला आहे, अशी माझी खात्रीच पटली.

त्यात इचिरान सापडलं. मूळ फुकुओकाची ही रामेनवाल्यांची साखळी. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या असतात. नूडल्स किती शिजलेल्या हव्यात, लसूण किती, तिखट किती, हे कागदावर खुणा करून द्यायचं. समोरच्या खिडकीतून फक्त दोन हात येतात, वाडगा ठेवतात आणि बांबूचा पडदा खाली पडतो. मग तुम्ही आणि तुमचा वाडगा. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते सांगत नाही. भक्तिभावाने बघितला एवढं सांगते. आणि मग खाली लिहिलेलं दिसलं: रस्सा डुकराच्या हाडांचा. मी शाकाहारी! पृथ्वीवर माझ्यासाठी एक जागा बनली होती आणि तिच्यात मला खाण्यासारखं काही नव्हतं.

शाकाहाराचं प्रकरण तसं बाकीकडेही अवघडच आहे. मिसो सूप दिसायला आमटीसारखं गरीब, पण त्यात बहुधा 'दाशी' असते, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कीसाचा अर्क. उदोन म्हणजे जाड नूडल्स, त्यांच्या रश्श्यात तीच. बौद्ध भिक्षूंचं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, पण ते मंदिरात किंवा महागड्या ठिकाणी. रोजचं काय? त्यावर एक तोडगा मिळाला, 'मी मांस, मासे आणि माशाचा अर्क खात नाही' असं जपानीत छापलेलं कार्ड. ते नुसतं पुढे करायचं. तोंड उघडावंच लागत नाही! असं कार्ड इकडे मराठीतही मिळायला हवं. 'लग्नाचं बघू, पगार बरा आहे, वजन तेवढंच आहे' एवढं छापलं तर माझी सगळी दिवाळी निभेल.

आईने मात्र कार्डावर विश्वास न ठेवता दशम्या, भडंग, मेतकूट आणि शेंगदाण्याच्या चटणीची तयारी मांडली. मुक्कामाबद्दल तिला काळजी नको म्हणून मी कॅप्सूल हॉटेलचा फोटो पाठवला होता. पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ साली ओसाकात निघालं, किशो कुरोकावा नावाच्या मोठ्या वास्तुविशारदाने त्याची रचना केली, हेही लिहिलं. लगेच फोन आला.

"हे काय गं? खण आहेत."

"त्यात झोपायचं, आई."

"असे खण मी सिव्हिल हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला बघितलेत. तिथेही झोपवतातच."

हॉटेल बदललं. गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या सार्वजनिक स्नानगृहांचा बेतही रद्द केला. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं असतं, हे कबूल. पण आधी बाहेर बसून स्वच्छ अंग धुवायचं आणि मग अंगावर सूतही न ठेवता सगळ्यांबरोबर पाण्यात उतरायचं, असा तिथला नियम आहे. मला पूर्ण कपड्यांत लिफ्टमध्ये उभं राहायला अवघडतं.

यानंतर व्हिसा. जपानच्या व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं आणि आयकराची कागदपत्रं लागतात, ते माझ्या हातचा मळ. पण दिवसवार कार्यक्रमाचा एक तक्ताही भरून द्यावा लागतो. तारीख, त्या दिवशी काय करणार, संपर्क, मुक्काम असे रकाने. माणसाने आपली काळजी सरकारी नमुन्यात भरून द्यावी असं म्हणणारं सरकार मी प्रथमच बघत होते. मी बहरले. त्याआधी कित्येक रात्री मी नुसती स्टेशनातून चालत जाण्याचे व्हिडिओ बघत होते. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला २०० हून जास्त दारं आहेत. चुकीच्या दारातून बाहेर पडलं तर कोणाला तरी विचारावं लागणार, म्हणून फलाटापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा प्रत्येक सरकता जिना मी पाठ केला. आमच्या भाजी मंडईचा रस्ता मला इतका नीट येत नाही.

टोकियो ते क्योतो बुलेट ट्रेन. ही गाडी १९६४ पासून धावते आहे आणि तिच्यातल्या सर्वात वेगवान नोझोमी गाडीने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. रेल पासचा हिशेब मी एका रविवारी निवांत घातला. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. जाण्यायेण्याची साधी तिकिटं साधारण २८ हजारांत येतात, म्हणजे पास बाद. हा अख्ख्या तयारीतला माझा सर्वात सुखाचा दिवस. सीट घेतली ती 'ई'. टोकियोहून जाताना तिकडच्या खिडकीतून फुजी पर्वत दिसतो म्हणून सगळे ती घेतात. मी घेतली कारण एका बाजूला तीन सीटा असतात आणि 'ई'च्या बाजूला दोनच. म्हणजे शेजारी एकच. फुजी दिसला तर वरकड.

अडले फक्त 'संपर्क' या रकान्यात. तोच नको म्हणून तर चालले होते. शेवटी तिथे हॉटेलांचे फोन नंबर लिहिले. व्हिसा केंद्रातल्या मुलीने माझा तक्ता उलटला, पालटला, आणि पुढच्या पानावरही चालूच आहे हे बघून म्हणाली, "मॅडम, स्टेशनच्या जिन्यांची गरज नसते." पण घेतला तिने.

बँकेत येन आणायला जाताना मी वाक्य चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. 'नमस्कार, मला जपानी येन हवे आहेत, ए-टू फॉर्म भरून आणला आहे.' खिडकीशी अगदी हळू आवाजात म्हटलं. आतल्या गृहस्थांनी मान मागे वळवली आणि अख्ख्या शाखेला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "अरे, येन आहेत का बघ रे! मॅडम जपानला चालल्यात. एकट्या!" पासबुक छापायला आलेली रांग वळली. एका आजोबांनी "जपानी माणूस फार शिस्तीचा" असं मला सांगितलं, भूकंप झाला तर टेबलाखाली शिरायचं हेही सांगितलं, आणि मग परत येताना त्यांच्या पाठीसाठी मलम आणायला सांगितलं. मलमाचं चित्र त्यांच्या मोबाइलमध्ये होतं, नंबर माझ्या मोबाइलमध्ये गेला.

सगळंच काही वाईट घडलं नाही. प्रवाशांसाठीच्या ई-सिमवर बहुतेक वेळा फक्त इंटरनेट मिळतं, फोन करायची-घ्यायची सोय नसते, हे कळलं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. तिथल्या विमानतळावरचे इमिग्रेशनचे आणि कस्टमचे फॉर्म आधीच ऑनलाइन भरून क्यूआर कोड घेता येतो, तोही घेतला. राहिली मुंबईच्या इमिग्रेशनची खिडकी. "कशासाठी चाललात?" याचं उत्तर मी आरशासमोर उभं राहून म्हणून बघते. 'टुरिझम' हा शब्द मी कसाही म्हटला तरी आत काहीतरी लपवल्यासारखाच ऐकू येतो.

दरम्यान माझ्या नकळत एक गोष्ट झाली होती. आई नेहमीप्रमाणे चार दिवस राहायला आली, आणि तिची न् काकूंची गट्टी जमली. माझा तो दिवसवार तक्ता आईने त्यांना दिला, त्यांनी त्याची झेरॉक्स काढली, आणि ती आता त्यांच्या फ्रिजवर अष्टविनायकाच्या चुंबकाखाली लावलेली आहे. जिन्यात गाठून त्या मला माझाच प्रवास समजावून सांगतात. "नाराला हरणं आहेत ना? हजारावर आहेत म्हणे. बिस्किटासाठी वाकून नमस्कार करतात, पण नाही दिलं तर चावतात. बिस्किटं दाखवू नकोस." "क्योतोत संध्याकाळी लवकर हॉटेलवर ये. चौथ्या दिवशी तू फार उशीर लावला आहेस." इंटरनेटवरून फोन करता येतो, याचा शोधही त्यांनीच लावला आणि आईला शिकवला. देवापुढची साखर मुंग्यांनी नेली.

काल रात्री बेल वाजली. मी बॅग भरत होते. विमानातली सीट अजून ठरत नव्हती. खिडकीची घेतली तर बाथरूमला जायला दोन झोपलेली माणसं उठवायची, कडेची घेतली तर ती दोघं मला उठवणार. भिंगातून बघितलं तर काकू झेरॉक्स हातात घेऊनच उभ्या.

"अगं, या रविवारी तू नुसतंच 'विश्रांती' लिहिलंयस."

"हो."

"मग बरं झालं. माझ्या वहिनीची भाची टोकियोतच असते, निशीकसाईला. त्या भागात आपले भारतीय पुष्कळ आहेत म्हणे. तिला कळवून टाकलं मी. पंधरा-वीस जण जेवायला बोलावलेत तिने, सगळे मराठी. भरली वांगी करणार आहे. तुला माशाची भीती नको." त्यांनी पेन काढून माझ्या तक्त्यातल्या 'संपर्क' रकान्यात, हॉटेलच्या नंबराखाली, तिचा नंबर लिहिला. "अडचण असेल तर तूच तिला फोन करून सांग हं. मला नाही बाई असं कोणाला नाही म्हणता येत."

दार लावल्यावर मी बराच वेळ तो नंबर बघत बसले. अनोळखी बाईला फोन लावायचा, मी कोण ते सांगायचं, कोणाकडून ते सांगायचं, मग कारण द्यायचं, त्यावर ती आग्रह करणार, त्यावर पुन्हा कारण. त्यापेक्षा वीस माणसांत जेवून येणं सोपं.