दोन टोल्यांचा हिशोब आणि आपली अर्पणं

जय ख्रिस्त. उपकारस्तुतीचे, म्हणजे देवाचे आभार मानायचे रविवार आलेत. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, एकेका मंडळीत आता उपासनेनंतर चर्चच्या आवारात अर्पणाच्या वस्तूंची टेबलं मांडली जातील. भोपळे, ऊस, नारळ, घरचे केक, एखादा गावठी कोंबडाही येईल आणि लिलाव पुकारला जाईल. लिलावाला माझा विरोध नाही, त्या दिवशी लहानथोर सगळे एकत्र जेवतात याचं मला फार मोल वाटतं. पण ३० रुपयांचा नारळ बोली चढत चढत ३,००० वर जातो, माइकवरून नाव घेतलं जातं, टाळ्या पडतात आणि त्याच टेबलावरची, घरकाम करणाऱ्या मावशींनी आणलेली मेथीची जुडी १५ रुपयांत निघून जाते. समोर बसलेली मुलं हे सगळं बघत असतात.

नम्रता मनातली गोष्ट आहे म्हणून आपण ती मनावर सोडून देतो, तिथेच चुकतं. चांगल्या मनाचा माणूसही टाळ्या ऐकल्या की पुढची बोली लावतो. नम्रता दानाच्या व्यवस्थेतच बसवावी लागते. लिलावात ते सहज जमतं: प्रत्येक वस्तूला नंबर द्या, बोली चिठ्ठीवर लिहून कुलूपबंद डब्यात टाकायला सांगा आणि शेवटी फक्त नंबर आणि रक्कम वाचा. आदल्या रविवारी जाहीर करायला विसरू नका, नाहीतर ऐनवेळी गोंधळ होतो. पैसे थोडे कमी जमतील. जमू देत.

आता त्या विधवेच्या दोन टोल्या. मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन बारकी नाणी टाकते. मार्क १२ वर आपण सगळ्यांनी डझनभर उपदेश ऐकलेत, पण हिशोब क्वचितच मांडला जातो. दोन टोल्या मिळून रोमी चलनातलं सगळ्यात लहान तांब्याचं नाणं होतं, म्हणजे दीनाराचा ६४ वा भाग. दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. आज नाक्यावरच्या मजुराचा रोज ८०० रुपये धरला तर तिचं दान साडेबारा रुपयांचं होतं. वडापावसुद्धा येणार नाही. मंदिरात अर्पणासाठी कर्ण्याच्या तोंडाच्या १३ पेट्या होत्या असं यहुदी परंपरेत नोंदलेलं आहे, म्हणजे मोठी नाणी पडली की आवाज होणारच. प्रभूने मात्र मागे काय उरलं ते पाहिलं. तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

पण हा उतारा वाचताना दोन ओळी वर जा. तिथे प्रभू शास्त्र्यांना दोष देतो की ते विधवांची घरं गिळंकृत करतात. आणि पुढच्या अध्यायाची सुरुवात होते ती या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही या शब्दांनी. त्यामुळे वर्गणी कमी पडली की हा उतारा काढून गरिबाच्या खिशाला हात घालणं मला शास्त्राशी बेइमानी वाटते.

दशमांशाचंही तसंच. मी दशमांशाच्या बाजूचा आहे, पण आकडे बघा. १५,००० पगारवाल्याने १,५०० दिले तर घरात १३,५०० राहतात आणि त्यातच भाडं, गॅस, लोकलचा पास. दीड लाखवाल्याने १५,००० दिले तरी १,३५,००० राहतात. टक्का एकच, त्याग एक नाही. ज्याचं बरं चाललंय त्याच्यासाठी दहावा हिस्सा ही सुरुवात आहे. त्यागाची साधी कसोटी अशी की दिल्यामुळे या महिन्यात घरातलं काहीतरी सोडावं लागलं पाहिजे: बाहेरचं एक जेवण, नवा फोन, गावची एक फेरी. काहीच सोडावं लागलं नाही तर आपण उरलेलं दिलं.

प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. यातलं शहाणपण 'बाजूला काढून' यात आहे. पगार जमा होईल त्याच दिवशी रक्कम वेगळी करा. महिनाअखेर शिल्लक बघून द्यायचं ठरवलं तर शिल्लक कधीच नसते. आणि उसने घेऊन, क्रेडिट कार्डावर दान देऊ नका. जे आहे त्याप्रमाणे, नाही त्याप्रमाणे नव्हे, असं दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय. आईवडिलांची बीपी-शुगरची औषधं थांबवून मंडळीला देणाऱ्यांनी मार्क ७ वाचावा. देवाला अर्पण केलं असं म्हणून आईबापांना हात आखडणाऱ्यांना प्रभूने तिथे ढोंगी म्हटलंय.

दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या त्याच आठव्या अध्यायात पौल म्हणतो की एवढ्या मोठ्या देणगीच्या कामात आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये म्हणून आम्ही जपतो. मोठ्या प्रेषितालाही सोबत दुसरी माणसं हवी होती. तेव्हा अर्पणाच्या थैल्या उपासना संपताच, तिथेच, दोघांनी मोजाव्यात, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा, पाळकसाहेबांच्या किंवा खजिनदारांच्या खात्याचा नको. माणूस प्रामाणिक असला तरी हिशोब मिसळतो आणि मग संशय त्याच्याच घरी मुक्कामाला येतो. यूपीआयमध्ये देणाऱ्याचं नाव दिसतं, म्हणून ते स्टेटमेंट खजिनदार आणि हिशोब तपासनीस यांच्यापलीकडे जाऊ नये. वार्षिक अहवालात नावांऐवजी पावती क्रमांक छापा. ज्याला आपलं बघायचंय त्याच्याकडे पावती असते. पंखे, बाकं, कूलर यांवरची दिवंगतांची जुनी नावं राहू द्यात, घरच्यांच्या भावना त्यात आहेत. नवी नावं मात्र आता थांबवावीत.

वस्तुरूपाने देणाऱ्यांसाठी एक फार सुंदर पद्धत मिझोराममध्ये शंभरहून अधिक वर्षं चालू आहे. तिथल्या ख्रिस्ती बाया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. आपल्याकडेही जमेल. मूठ साधारण ५० ग्रॅमची, दोन वेळच्या दोन मुठी, महिन्याला ३ किलो. ४० घरांचे १२० किलो होतात. कुणाची मूठ कुठली हे कळतच नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. पावसाळ्यात पोरकिडे होतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी तांदूळ गोळा करा. आणि उकडा व कोलम एकाच पिंपात पडले की कोलमचा गाळ होतो तोवर उकडा कच्चाच असतो. जातीप्रमाणे दोन पिंपं ठेवा. रेशनचा, घरी कुणी खात नाही म्हणून काढलेला तांदूळ त्यात टाकू नका. दावीद राजाला अरवनाचं खळं फुकट मिळत होतं, तरी त्याने ५० शेकेल (जुनं वजन) चांदी मोजली, कारण ज्याला काही मोजावं लागलं नाही ते त्याला देवाला वाहायचं नव्हतं.

सगळ्यात नाजूक जागा घेणाऱ्याची. पिशवी हातात देताना फोटो काढू नका. शाळेची फी थेट शाळेत भरा, औषधांचे पैसे थेट केमिस्टला द्या. मदतनिधीची मागणी पाळक आणि आणखी एका विश्वासू व्यक्तीपर्यंतच राहावी. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीच्या इतिवृत्तात नावाऐवजी फक्त 'वैद्यकीय मदत' आणि रक्कम लिहावी. निर्णय तीन-चार दिवसांत द्यावा, कारण घरमालक पुढच्या मीटिंगपर्यंत थांबत नाही. मदत घेतलेल्या घराकडून उपासनेत साक्ष मागू नका. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं असं वाचतो आपण, आणि शंभर रुपये देऊन आभाराची वाट बघतो. परतफेडीची अट तर घालूच नका. पण वर्षाने कुणी स्वतःहून पैसे परत घेऊन आला तर "राहू दे रे" म्हणून त्याला लहान करू नका. घ्या, मोजा आणि पावती द्या.