पुकारा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोर्टाचा विषय निघाला की मला हमखास हाक येते. १७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, तेव्हापासून तर फारच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना आता मुंबईची गाडी धरावी लागणार नाही, या आनंदात पहिले काही दिवस गेले. मग वकिली करणाऱ्या माझ्या मामेभावानं, म्हणजे आमच्या दादानं, पुढचा मुद्दा काढला: कोर्ट दाराशी आलं, आता कामकाज मराठीत कधी? त्यावर वाद पेटला आणि त्या भरात भाचीनं मला विचारलं, "मावशी, तू तिकडं कोर्टात जे काम करतेस त्याला मराठीत काय म्हणायचं?"

इंग्लंडमधल्या मिडलंड्स भागात एका क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर फौजदारी खटल्यांच्या कोर्टात, मी अशर आहे. भाचीच्या प्रश्नाला उत्तरं पटापट आली. न्यायालय निर्देशक, द्वारपाल, पट्टेवाला, शिपाई. एका काकांनी चोपदार म्हटलं, तर दुसऱ्यांनी लगेच सांगितलं की चोपदार फारसी आहे, चालणार नाही, अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर तरी आपण आपले शब्द वापरू या. दोन दिवस हेच चाललं. मी काय काम करते, हे मात्र कोणी विचारलं नाही. म्हणून इथं सविस्तर लिहिते.

सकाळी नऊच्या आधी मी काळा झगा चढवते आणि त्या दिवसाची यादी घेऊन कोर्टाबाहेरच्या लांब व्हरांड्यात उभी राहते. आरोपी, साक्षीदार, वकील जसजसे येतील तसतशी नावापुढं खूण करायची. साक्षीदाराला आरोपीच्या माणसांपासून लांब बसवायचं. न्यायाधीश आत येताना सगळ्यांना उभं राहायला सांगायचं. साक्षीदाराची शपथ कुठल्या ग्रंथावर, की ग्रंथाविना प्रतिज्ञा, हे आधी हळूच विचारून ठेवायचं. कुराण कापडात गुंडाळलेलं असतं, तसंच अदबीनं पुढं करायचं. एकदा एका गुजराती आजींना मी गीता दिली, तर पिंजऱ्याच्या पायरीवर त्या थबकल्या आणि पायांकडे बघायला लागल्या. चपला कुठं काढायच्या, हे त्या शोधत होत्या. मी न्यायाधीशांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आजींनी चपला पायरीखाली नीट जोडून ठेवल्या आणि मग शपथ घेतली. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. पण त्यानंतर त्यांचा आवाज कापत नव्हता.

दुपारी बारा सामान्य नागरिकांची ज्यूरी निकालाचा विचार करायला आतल्या खोलीत जाते, तेव्हा माझं काम उलटतं. मला स्वतःला शपथ घ्यावी लागते: या ज्यूरीला मी एकांताच्या आणि सोयीच्या जागी ठेवीन, कोणाला त्यांच्याशी बोलू देणार नाही, मीही बोलणार नाही, फक्त तुमचं एकमत झालं का एवढंच विचारीन. मग मी त्या दारापाशी बसते. त्यांना न्यायाधीशांना काही विचारायचं असलं तर चिठ्ठी माझ्या हाती येते. सकाळभर ज्या हातानं लोकांना आत आणलं, त्याच हातानं दुपारी दार राखायचं.

शब्दातही हे दोन्ही आहे. लॅटिनमध्ये दाराला ऑस्टिअम म्हणत, दारावरच्या माणसाला ऑस्टिआरिअस. जुन्या फ्रेंचमध्ये तो शब्द झिजला, १०६६ साली फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात आला आणि इथल्या लोकांच्या तोंडी अशर झाला. मधल्या काळात तो बऱ्याच जागी हिंडला. शाळेतल्या दुय्यम मास्तरला अशर म्हणायचे, नाटक-सिनेमाच्या अंधारात बॅटरी घेऊन खुर्ची दाखवणाऱ्याला म्हणायचे, लग्नात पाहुण्यांना बाकावर नेऊन बसवणाऱ्याला अजून म्हणतात. कॅथलिक चर्चमध्ये तर ऑस्टिअरी ही पाद्री होण्याच्या वाटेवरची सर्वांत खालची पायरी होती. चर्चच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी ती पायरी काढून टाकली.

पण मला आवडतं ते याच्याही मागचं. ऑस्टिअम निघाला ओस या शब्दापासून, आणि ओस म्हणजे तोंड. संस्कृतातलं आस्य त्याच कुळातलं. गजास्य म्हणजे गणपती, यातलं आस्य. तायबर नदी समुद्राला मिळते तिथल्या रोमनांच्या बंदराचं नाव ओस्टिया, नदीच्या तोंडाशी वसलेलं. आपणही बोळाच्या तोंडाशी भेटू म्हणतो, खाडीच्या मुखाशी होड्या लागल्या म्हणतो. म्हणजे अशर हा तोंडाशी उभा असणारा माणूस. दिवसभर नावं पुकारून घसा बसतो, तेव्हा मला ही व्युत्पत्ती आठवते.

आता दादाच्या मुद्द्याकडे येते, कारण त्याचं म्हणणं मला मनापासून पटतं. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, १९९८ ची तशी अधिसूचना आहे. तरीही कितीतरी दावे, अर्ज, निकाल इंग्रजीतच लिहिले जातात. उच्च न्यायालयात तर घटनेच्या ३४८ व्या कलमानं इंग्रजी. त्याच कलमात राष्ट्रपतींच्या संमतीनं राज्याची भाषा आणायची वाट ठेवलेली आहे, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार या वाटेनं गेलेले आहेत, हिंदी घेऊन. मराठीनं का जाऊ नये?

"इंग्रजीशिवाय कायदा चालत नाही" असं आपल्याकडे म्हणतात, तेव्हा मला इथल्या लोकांचाच इतिहास सांगावासा वाटतो. याच इंग्लंडात कोर्टाची भाषा इंग्रजी नव्हती. वकील फ्रेंचमध्ये बोलत, दप्तर लॅटिनमध्ये. १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या राज्यात कायदा झाला की फ्रेंच भाषा या देशात लोकांना कळत नाही, आपल्या बाजूनं किंवा विरुद्ध काय बोललं जातंय हे पक्षकाराला समजत नाही, तेव्हा युक्तिवाद इंग्रजीत व्हावा. तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. आणि नोंदी लॅटिनमध्येच ठेवा, असं त्यातच म्हटलं होतं. १६५० साली, राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या काळात, सगळं इंग्रजीत आणलं, राजा परत आला आणि १६६० साली ते पुसलं गेलं. शेवटी १७३३ पासून कोर्टाचं दप्तर कायमचं इंग्रजी झालं. पहिल्या कायद्यापासून ३७१ वर्षं. या सगळ्या काळात वकिलांचं म्हणणं एकच होतं, की कायद्याचे बारकावे आपल्या गावठी भाषेत मावणार नाहीत. गावठी म्हणजे इंग्रजी.

शेजारच्या वेल्समध्ये उलटा अन्याय झाला. १५३६ साली वेल्श भाषा कोर्टातून काढली गेली आणि १९६७ च्या कायद्यानं तिथल्या माणसाला कोर्टात वेल्शमध्ये बोलायचा हक्क पुरता परत मिळाला. आज तिथं साक्षीदार उठून वेल्शमध्ये साक्ष देतो, दुभाषा कानाशी सांगतो, काम चालतं.

पण एवढं होऊनही इंग्रजांनी कोर्टातून फ्रेंच घालवली ती भाषा म्हणून, शब्द म्हणून नाही. जज्ज, ज्यूरी, बेलीफ, कोर्ट, अशर हे सगळे फ्रेंचमधून आलेले. ते इथल्या भाजीवाल्यालाही कळतात, म्हणून राहिले. माझं ग्रुपवरच्या काकांशी पटत नाही ते इथं. आपल्या कोर्टातली मराठी म्हणजे वकील, फिर्याद, दावा, जामीन, मुद्देमाल, पंचनामा. पंचनाम्यात पंच आपला आणि नामा फारसी, आणि खेड्यातला कुठलाही माणूस पंचनामा म्हणजे काय ते सांगेल. सरकारी कागदावर दिनांक आला तरी कोर्टात अजून तारीखच पडते. उद्या उच्च न्यायालयात मराठी आली आणि हे शब्द काढून त्यांच्या जागी शब्दकोश उघडून बसावं लागेल अशी मराठी आली, तर माझ्या आत्याच्या दृष्टीनं काय बदललं? तिला इंग्रजी कळत नव्हती, तीही कळणार नाही.

आत्याचं सांगते. तिचा वडिलार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा आमच्याकडच्या एका तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. वय सत्तरीच्या पुढं. एका तारखेला ती पहाटेची एसटी धरून वेळेत पोचली. वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. आवारात लिंबाच्या पारावर बसून राहिली, कारण व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. आतून पुकारा झाला, तो ऐकूही आला तिला. पण नाव पुकारलं ते माहेरचं, सातबाऱ्यावर असतं तसं, वडिलांच्या नावासकट, आणि घाईत. पन्नास वर्षांत त्या नावानं तिला कोणी हाक मारलेली नाही. दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असं समजून ती बसून राहिली. गैरहजर म्हणून दावा काढून टाकला गेला. वकिलांनी अर्ज देऊन तो परत बोर्डावर आणला, पण त्यात वर्ष गेलं.

त्या कोर्टाचं काम मराठीत चालतं. पुकारा मराठीत होता, शिपाई मराठी, आत्या मराठी. आणि तरी शब्द तिच्यापर्यंत पोचला नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. निकालाची भाषा, पाटीची भाषा यासाठी आपण भांडतो, भांडायलाच हवं. मला वाटतं त्याच मागणीत आणखी एक ओळ घालावी: प्रत्येक कोर्टाबाहेर एक असं माणूस नेमा, ज्याचं कामच लोकांना विचारणं आणि सांगणं आहे. तुमचा नंबर कितवा, कुठं बसायचं, आत गेल्यावर कोणाकडे बघून बोलायचं. आता केसची तारीख मोबाइलवर दिसते, बऱ्याच कोर्टांत नंबर दाखवणारे पडदे आहेत, पण पारावर बसलेल्या आत्याला पडदा दिसत नाही. शिपायाला दोष देण्यात अर्थ नाही. फायली उचलणं, साहेबांचा चहा आणि पुकारा ही सगळी कामं एकाच माणसावर असतात.

इथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. इंग्लंड-वेल्सच्या क्राउन कोर्टांत ७० हजारांवर खटले तुंबलेले आहेत. २०१० नंतर जवळपास निम्मी मॅजिस्ट्रेट कोर्टं बंद झाली आणि लोकांना दोन-दोन बस बदलून यावं लागतं. आणखी एक गोष्ट मला इथं रोज खुपते. माझ्या व्हरांड्यात माणसं एकेकटी बसलेली असतात. आपल्याकडे एका साक्षीला आठ जण येतात, डबा येतो, शेजारच्या केसमधली बाईसुद्धा भाकरी पुढं करते. इथं साक्ष देऊन बाहेर आलेल्या बाईला रडायला खांदा नसतो. पाण्याचा ग्लास आणि कागदी रुमालाचा डबा घेऊन मीच उभी असते.

भाचीला उत्तर मात्र मी दिलं: चोपदार. फारसी चोब म्हणजे लाकूड, दांडा, तो बाळगणारा चोपदार. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या पुढं चोपदार चालतो, म्हणून नव्हे. माउलींच्या पालखीतला चोपदार माझ्या डोळ्यासमोर होता. लग्नाआधी दोन वर्षं मी आत्याबरोबर वारीला गेले होते. संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि पुकारतो. एका क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी चालत जातो, काय झालं ते ऐकून घेतो, मार्ग काढतो, आणि ते टाळ थांबल्यावरच आरती होते. आम्ही गेलो त्या वर्षी एका दिंडीचे टाळ बराच वेळ थांबत नव्हते. पाऊस भुरभुरत होता. एवढा मोठा समाज डोक्यावर पाऊस घेत उभा राहिला आणि कोणी कुरकुर केली नाही.

ग्रुपवर हे लिहिल्यावर काका म्हणाले, "मग असू दे चोपदार."

रात्री आत्याचा फोन आला. तिला भाचीनं सगळं वाचून दाखवलं होतं. शब्दाबद्दल ती काही बोलली नाही. तिनं विचारलं, "तिकडं बायकांना कुठल्या नावानं पुकारता गं?"

मी सांगितलं, आधी जाऊन विचारते, तुम्हाला काय म्हणून हाक मारू. पोलंडची असते कोणी, नायजेरियाची असते, वेल्सची असते. इंग्रजी अक्षरांत त्यांची नावं नीट उतरत नाहीत, म्हणून यादीच्या कडेला मी ती पेन्सिलीनं देवनागरीत लिहून ठेवते, जशी त्यांनी सांगितली तशी. मग पुकारताना चुकत नाही.

"माझं लिहून पाठव तसं वकिलाला," आत्या म्हणाली. "दोन्ही नावं लिही. पुढली तारीख बारा तारखेला हाय."